बाहेरून कळण्याआधी

प्रिय आई-बाबा,

समोर बसून सांगायला गेले की आई, तुझे डोळे भरतात आणि बाबा टीव्हीचा आवाज वाढवतात, म्हणून लिहितेय. अंबड-सातपूरच्या कारखानदारांसाठी आम्ही एक निवेदन तयार केलंय. त्यावर पहिली सही माझी आहे, आडनावासकट. पुढच्या आठवड्यात ते घेऊन आम्ही कंपन्यांमध्ये फिरणार. बाबा, तिथे निम्मे लोक तुम्हाला ओळखतात, म्हणून आधी तुम्हाला सांगतेय.

मागणं मोठं नाही. समलिंगी किंवा ट्रान्सजेंडर म्हणून भेदभाव होणार नाही अशी एक ओळ नेमणूकपत्रात, मेडिक्लेममध्ये जोडीदाराचं नाव, आणि त्रास झाला तर तक्रार ऐकून घेणारं कुणीतरी.

तुम्ही म्हणाल, कोर्टाने दिलंय ना सगळं. सप्टेंबर २०१८ मध्ये आमचं प्रेम गुन्हा राहिलं नाही, एवढंच. ऑक्टोबर २०२३ मध्ये लग्नाचा हक्क मिळाला नाही, तो प्रश्न संसदेवर सोडला. ट्रान्सजेंडर व्यक्तींना नोकरीत २०१९ च्या कायद्याचा आधार आहे; खासगी कंपनीत माझ्यासारखीला तसा कुठलाच नाही. मग मालकांच्या दारात जायला नको का? अमेरिकेत २०१५ च्या लग्नाच्या खटल्यात ३७९ मालक आणि त्यांच्या संघटना आमच्यासारख्यांच्या बाजूने कोर्टासमोर उभ्या राहिल्या होत्या. आणि आपल्याकडे २०२३ मध्ये चारशेहून जास्त आईवडिलांनी मुलांच्या लग्नाच्या हक्कासाठी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. तुमच्यासारखेच आईवडील, बाबा. निनावी कागदावर कुणी सही करत नाही, म्हणून नाव घातलं. तुम्हाला खिजवायला नाही, खरंच नाही.

आई, मृणालच्या अपेंडिक्सची रात्र आठवते ना? फॉर्मवर ‘नातं’च्या रकान्यात मी ‘मैत्रीण’ लिहिलं आणि काउंटरवरच्या माणसाने पेन खाली ठेवून विचारलं, ‘घरचं कुणी नाही का?’ तू स्टीलच्या डब्यात मऊ भात घेऊन रिक्षाने आलीस आणि म्हणालीस, ‘मी आहे घरची.’ त्या रकान्यात मला माझं खरं नातं लिहिता यावं, यासाठीच हे सगळं चाललंय. शाळेत मला कुणी चिडवलं की तू असंच पदर खोचून यायचीस, माझी वेणी नीट करायचीस आणि मगच बाईंशी बोलायचीस.

तुमचं काहीही बदलणार नाही. गोळ्यांचा डबा दर रविवारी मीच भरणार, लाइटबिल मीच भरते, गुडघ्याचं तेल संपत आलंय ते आणतेय. मृणालने बाथरूममध्ये दांडा बसवायला माणूस सांगून ठेवलाय. बाबा, नको म्हणायचं नाही. बीपीची गोळी जेवणानंतर लक्षात येते ती सवय सोडा आणि पहाटे गोदाकाठी एकट्याने जाणं बंद, सोबत असेल तरच. मोबाइल खिशात हवा, चार्ज केलेला. ठाण्याच्या काकांचा फोन आला तर ‘तिलाच विचार’ म्हणायचं आणि ठेवून द्यायचा. आई, तू तर उचलूच नकोस.

सोसायटीत कुणी काही बोललं आणि तुम्हाला उत्तर द्यावंसं वाटलं नाही, तर देऊ नका. माझी बाजू मांडायची सक्ती तुमच्यावर नाही. पण बाबा, तुमच्या जुन्या वर्कशॉपच्या शेटजींकडे मी स्वतः जाणार आहे. त्यांनी विचारलं तर मी तुमचीच मुलगी आहे एवढं सांगा, पुढचं मी बोलेन.

रविवारी दोघी येतोय. आई, पुरणाचा घाट घालू नकोस, वरणभात पुरे.

तुमची,
पिंकी