विषय: ‘कपल फर्टिलिटी पॅकेज’चा निकामी रिपोर्ट आणि तुमच्या माणसाचं ‘पाळी काय, येतेच’

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

तुमच्या ‘सीनियर’ एक्झिक्युटिव्हचा फोन आत्ताच ठेवला. त्यांच्या वरचं कुणी ग्राहकाशी बोलत नाही असं कळलं, म्हणून हे लेखी.

वीर्यतपासणी कशी करतात हे तुम्हाला मी सांगायची गरज नसावी. नमुना शक्यतो अर्ध्या तासात, फार तर तासाभरात मायक्रोस्कोपखाली जायला हवा आणि तोवर गार होता कामा नये, हे तुमच्याच सूचनापत्रकावर छापलंय. आम्ही त्यातलं अक्षरन् अक्षर पाळलं. आधीच्या वीर्यपातापासून दोन ते सात दिवसांचं अंतर, डबीवर वेळ, सगळं. नमुने गोळा करणारा तुमचा मुलगा आला आणि त्याने ती डबी निळ्या पिशवीत बर्फाच्या जेलपॅकला टेकवून, कुणाच्या तरी फास्टिंग शुगरच्या ट्यूबशेजारी ठेवली. “ताई, अजून घरं आहेत, मग लॅब,” म्हणाला. त्याच्यावर माझा राग नाही. एका सकाळी त्याने किती जिने चढायचे हे तुमच्या ऑफिसात ठरतं.

रिपोर्टवर तुम्हीच छापलंय: कलेक्शन ७.४०, लॅबमध्ये जमा ११.५२. खाली पुढे सरकणारे शुक्राणू ३ टक्के आणि जाड अक्षरात ‘ॲस्थेनोझूस्पर्मिया’, म्हणजे शुक्राणूंची हालचाल कमी. धायरीहून निघून चार तास बर्फावर पुणे दर्शन झाल्यावर पुढे सरकायची इच्छा कुणाला राहील? त्याखाली पॅथॉलॉजिस्टची सही आहे. सही करण्याआधी दोन वेळांची वजाबाकी करायला काय हरकत होती? इतकी कमी हालचाल दिसली की त्यातले जिवंत किती, मेलेले किती हे पाहायला व्हायटॅलिटी चाचणी करतात. तुमच्या रिपोर्टात त्या रकान्यात आडवी रेघ.

हा कागद आल्यावर माझ्या नवऱ्याने मांडीवर लॅपटॉप घेणं सोडलं, कढत पाण्याची आंघोळ सोडली, मित्रांचे फोन घेणं सोडलं. दोनच दिवसांत एका आयव्हीएफ सेंटरमधून मला फोन: “मॅम, लो मोटिलिटीसाठी आमच्याकडे इक्सीची ऑफर चालू आहे.” इक्सी म्हणजे सुईने एकच शुक्राणू थेट स्त्रीबीजात सोडायचा. आमच्या घरात अजून कुणाला न सांगितलेली गोष्ट त्या बाईला कुठून कळली? आम्ही ती ऑफर घेतली असती तर तुमच्या बर्फापायी लाखांची फोडणी बसली असती.

आमच्या डॉक्टरांनी रिपोर्टवरच्या वेळा पाहिल्या आणि कागद बाजूला सारला. हॉस्पिटलातच नमुना द्यायला लावला. पुढे सरकणारे ४४ टक्के. एकाच माणसाचे आकडे वर-खाली होतात, म्हणूनच ही तपासणी दोनदा करतात, हे मला ठाऊक आहे. पण ३ आणि ४४?

आता माझ्या रक्ततपासणीबद्दल. एफएसएच, एलएच आणि इस्ट्रॅडिऑल या हार्मोन्सचं मोजमाप पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी करायचं असतं. तुमच्या ॲपमध्ये पाळीची तारीख विचारणारा रकाना आहे, तो मी भरला. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी दाराकडे डोळे लावून बसले. कुणी आलं नाही. दुपारी मेसेज: तुमची भेट सहाव्या दिवशी ठरवली आहे. मग तो रकाना कशाला ठेवलाय, शोभेला?

हेच मी आज त्या सीनियर साहेबांना विचारलं. ते म्हणाले, “मॅम, स्लॉट फुल होते. एएमएच कुठल्याही दिवशी चालतं.” मी म्हटलं, अंडाशयात बीजं किती उरली त्याचा अंदाज देणारं एएमएच चालतं, एफएसएच चालत नाही. तर म्हणाले, “मग पुढच्या महिन्यात करू ना. पाळी काय मॅम, दर महिन्याला येतेच.”

दर महिन्याला येते, हीच तर तक्रार घेऊन आम्ही तुमच्याकडे आलो होतो.

मी गप्प झाले. त्यांना वाटलं लाइन कटली. “हॅलो मॅम, आवाज येतोय का?” मग कीबोर्डची टकटक आणि पुढचा प्रश्न: “पुढच्या महिन्यातला दुसरा दिवस कोणता, ते आत्ताच सांगता का? म्हणजे स्लॉट ब्लॉक करतो.” हे सांगता आलं असतं तर ज्योतिषाचं दुकान काढलं असतं. शेवटी ‘गैरसोयीबद्दल’ एक कूपन पाठवलं. प्रेग्नन्सी केअर पॅकेजवर १५ टक्के सूट. पाठोपाठ मेसेज, आमच्या सेवेला एक ते पाचमध्ये किती गुण द्याल?

माझ्या वडिलांच्या शुगरपासून घरातल्या सगळ्या तपासण्या तुमच्याकडे व्हायच्या. नाव मोठं, रिपोर्टवर लॅबना मान्यता देणाऱ्या एनएबीएलचा शिक्का, म्हणून डोळे झाकून विश्वास. आता वडिलांचेही जुने रिपोर्ट काढून त्यावरच्या वेळा बघतेय.

पॅकेजचे पूर्ण पैसे परत हवेत. कूपन नको, पॉइंट नकोत. तो रिपोर्ट चुकीच्या पद्धतीने हाताळलेल्या नमुन्यावर केला होता हे सहीशिक्क्यानिशी लिहून द्या. आमचा नंबर आणि निकाल बाहेर कुणी दिला, त्याचं उत्तर द्या. आणि चार तास बर्फावर, पुन्हा सांगते, चार तास बर्फावर ठेवायचं असेल तर वीर्यतपासणीचं होम कलेक्शन बंद करा.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवीन, एनएबीएलला दोन्ही रिपोर्ट पाठवीन आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही. आजच्या कॉलचं रेकॉर्डिंग तुमच्याकडे असेलच, ‘सेवेच्या दर्जासाठी’ करता ना. ते पुसू नका.

फोन करू नका. मेलवर उत्तर द्या.

– पॅकेजमधली ‘पेशंट १’, पुणे