आकाशदर्शनाच्या बातमीत चंद्राची तिथीही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संग्रहालयाच्या तारांगणात खेळ आणि त्यानंतर वेधशाळेतून आकाशदर्शन, अशा कार्यक्रमांच्या बातम्या वृत्तपत्रांत वरचेवर येतात. त्यांत वेळ असते, नावनोंदणी कशी करायची ते असते आणि शेजारी एखाद्या तेजोमेघाचा, म्हणजे अवकाशातल्या वायू-धुळीच्या ढगाचा, लाल-निळा फोटो असतो. त्या रात्री चंद्र कितवा आहे, हे मात्र नसते. दुर्बिणीतून काय दिसणार हे सर्वांत जास्त त्यावरच ठरते. लोक फोटो पाहून येतात, रांगेत तासभर उभे राहतात आणि “एवढेच?” म्हणून परत जातात. यात दुर्बिणीचा दोष नसतो, आकाशाचाही नसतो. पुरेशी माहिती आधी दिलेली नसते, एवढेच.

चंद्रावरची विवरे आणि डोंगर पाहायचे असतील तर शुद्ध पंचमी ते दशमीची संध्याकाळ निवडावी. या दिवसांत चंद्रावरच्या उजेडाची आणि अंधाराची सीमारेषा आपल्या समोर असते. त्या रेषेवर सूर्य नुकता उगवत असल्याने सावल्या लांबच लांब पडतात आणि उंच-सखलपणा डोळ्यांत भरतो. अष्टमीच्या सुमारास अल्फॉन्सस नावाचे विवर या रेषेवर येते. त्याचा तळ काळाभोर असतो, पण मधल्या शिखराच्या टोकावर ऊन पोहोचलेले असते. काळ्या वाटीत एकच ठिणगी पडावी तसे ते दिसते. अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा डोळा लावला तर सावली हललेली कळते. पौर्णिमेला यातले काही दिसत नाही. सूर्य आपल्या पाठीमागून चंद्रावर सरळ प्रकाश टाकतो, सावल्या उरत नाहीत आणि विवरांच्या जागी पांढरे डाग व पट्टे तेवढे दिसतात. शिवाय पौर्णिमेचा चंद्र अष्टमीच्या चंद्रापेक्षा सुमारे दहापट तेजस्वी असतो, त्यामुळे आकाशातले बाकीचे फिके पदार्थ पुसले जातात.

तेजोमेघ, तारकागुच्छ, देवयानी दीर्घिका (आपल्या आकाशगंगेसारखा ताऱ्यांचा दूरचा प्रचंड समूह) यांसाठी अमावास्येच्या मागचे-पुढचे चार-पाच दिवस हवेत. चंद्र आणि दीर्घिका दोन्ही एकाच रात्री उत्तम दिसतील, असे सांगणाऱ्या जाहिरातीवर विश्वास ठेवू नये.

सूर्यास्त झाला की लगेच अंधार होतो, हाही गैरसमज आहे. सूर्य क्षितिजाखाली १८ अंश गेल्यावरच आकाश पुरते काळे होते. त्याला ठिकाण आणि ऋतूनुसार सव्वा तास ते दोन तास लागतात, फार उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे याहूनही जास्त. तोवर चंद्र, ग्रह आणि ठळक तारे पाहावेत, तेजोमेघांचा आग्रह धरू नये.

‘सुपरमून’ (पृथ्वीजवळ आलेला पौर्णिमेचा चंद्र) आणि ‘ग्रहांची रांग’ या मथळ्यांबद्दलही लिहायला हवे. पृथ्वीपासून सर्वांत जवळची आणि सर्वांत दूरची पौर्णिमा यांतल्या चंद्रबिंबांच्या व्यासात सुमारे १४ टक्क्यांचा फरक असतो. दोन्ही बिंबे शेजारी ठेवता येत नाहीत, म्हणून तो नुसत्या डोळ्यांना जाणवत नाही. ग्रहांची रांग बहुतेक वेळा आकाशात शंभरेक अंश पसरलेली असते, त्यामुळे ती दुर्बिणीच्या एका दृश्यात येणे शक्यच नाही. त्यातले युरेनस आणि नेपच्यून तर दुर्बिणीतही इवलासा ठिपकाच दिसतात. या दिवशी वेधशाळांत गर्दी उसळते आणि प्रत्येकाच्या वाट्याला नेत्रिकेपाशी, म्हणजे दुर्बिणीला डोळा लावायच्या भिंगापाशी, जेमतेम दहा सेकंद येतात.

तारांगण आणि दुर्बीण एकाच छताखाली आणण्याची कल्पना जुनी आणि चांगली आहे. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ वेधशाळेत १९३५ पासून तारांगण आहे आणि १२ इंची दुर्बीणही सर्वांसाठी खुली आहे. त्याआधी १९२३ मध्ये जर्मनीच्या झाइस कंपनीने आपला पहिला प्रक्षेपक, म्हणजे घुमटावर तारे उमटवणारा गोळा, दाखवला. १९२५ मध्ये म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये त्याचे खेळ नियमित सुरू झाले. आत दिवा, भोवती बारीक छिद्रांच्या चकत्या आणि प्रत्येक चकतीपुढे भिंग, अशी त्या गोळ्याची रचना. अशा प्रक्षेपकाचे तारे आजही टाचणीच्या टोकाएवढे दिसतात. नव्या तारांगणांत व्हिडिओ प्रोजेक्टर असतात. घुमटाच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत ४,०९६ पिक्सेल धरले, तर १८० अंशांत एका पिक्सेलच्या वाट्याला साधारण २.६ कला येतात (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). निरोगी डोळा एका कलेपर्यंतचा तपशील ओळखतो, म्हणून तिथले तारे थोडे जाड वाटतात. पण शनीच्या कड्यांमधून नेऊन आणणे त्यांनाच जमते. कोणता प्रकार आहे ते आधी विचारून घ्यावे. पर्याय असेल तर निवेदक समोर उभा राहून ‘आज रात्रीचे आकाश’ समजावतो तो खेळ पाहावा. बाहेर दुर्बिणीपाशी त्याचाच उपयोग होतो.

सर्व खुर्च्या एकाच दिशेला असतील तर मागच्या एक-तृतीयांश भागातली मधली जागा सर्वांत चांगली. पुढच्या रांगेत मान दुखते. खुर्च्या गोलाकार असतील तर प्रक्षेपकाला अगदी चिकटून बसू नये, तो आकाशाचा तुकडा झाकतो. दृश्य वेगाने फिरू लागले की काहींना मळमळते. डोळे ‘आपण हलतो आहोत’ असे सांगतात, कानातला तोल सांभाळणारा भाग ‘नाही’ म्हणतो, त्यातून हे होते. अशा वेळी डोळे मिटावेत किंवा पुढच्या खुर्चीच्या पाठीकडे पाहावे, मिनिटभरात बरे वाटते. लखलखत्या प्रकाशाने फेफरे येणाऱ्यांनी तिकीट घेण्यापूर्वीच चौकशी करावी. उशिरा आलेल्यांना आत घेत नाहीत, ही आडमुठेपणाची गोष्ट नाही. दार उघडले की शंभर-दोनशे जणांचे अंधाराला सरावलेले डोळे दिपतात आणि येणारा पायरीवर अडखळतो. फोन सगळेच बंद करतात. मनगट उचलले की आपोआप उजळणारे घड्याळ आणि मुलांचे चमकणारे बूट यांच्याकडे मात्र लक्ष जात नाही.

घुमटाखाली पाहिलेले आकाश आणि बाहेरचे आकाश यांत फरक आहे, तो मुलांना आधी सांगावा. आत रात्र मिनिटभरात सरते, ग्रह मुद्दाम मोठे दाखवतात आणि शहराचा उजेड नसतो. आत दोन-तीन हजार तारे दिसले तरी शहरातून मोजके ठळकच दिसणार. म्हणून खेळातून तीन-चारच खुणा लक्षात ठेवून बाहेर यावे. सप्तर्षीतल्या पुलह आणि क्रतू (चौकोनाच्या शेपटीविरुद्ध बाजूचे दोन तारे) यांतले अंतर पुलहाकडून क्रतूच्या दिशेने पाचपट पुढे नेले की ध्रुव सापडतो. हात लांब करून धरलेली मूठ म्हणजे सुमारे १० अंश, करंगळी म्हणजे एक अंश. आकाशाचा नकाशा डोक्यावर धरून वाचायचा असतो, त्यामुळे त्यात पूर्व-पश्चिम उलटे छापलेले दिसतात. ती छपाईची चूक नव्हे.

आता डोळ्यांविषयी. बाहुली काही सेकंदांत मोठी होते, पण डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या, अंधुक उजेडात पाहणाऱ्या दंडपेशी अंधाराला पुरत्या सरावायला २० ते ३० मिनिटे लागतात. तेवढ्यात फोनचा पांढरा पडदा एकदा जरी पाहिला तरी बरीचशी कमाई जाते. फोनचा पिवळसर ‘नाइट मोड’ पुरत नाही. बॅटरीवर लाल जिलेटिन कागदाच्या दोन-तीन घड्या बांधाव्यात, कारण गडद लाल प्रकाशाचा दंडपेशींवर फारसा परिणाम होत नाही. याच दंडपेशींना रंग कळत नाही. मृगातला तेजोमेघ फोटोत गुलाबी असतो आणि दुर्बिणीत राखाडी, फार तर किंचित हिरवट, तो यामुळेच. कॅमेरा कित्येक मिनिटे, कधी तासन्‌तास प्रकाश साठवतो, डोळ्याला ते करता येत नाही. रंग पाहायचाच असेल तर हंसाच्या चोचीतला अल्बिरिओ हा जोडतारा दाखवायला सांगावे: एक सोनेरी, एक निळसर. तारे पुरेसे तेजस्वी असल्याने तिथे रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी काम करतात.

फिका तेजोमेघ थेट पाहिला की विरघळून जातो. दृष्टीच्या नेमक्या मध्यबिंदूवर दंडपेशी नसतात. म्हणून नजर किंचित बाजूला न्यावी आणि लक्ष तेजोमेघावर ठेवावे. उजवा डोळा लावला असेल तर पदार्थाच्या थोडे उजवीकडे, डावा असेल तर थोडे डावीकडे पाहावे. उलट केले तर तो डोळ्याच्या अंधबिंदूवर पडून नाहीसा होऊ शकतो.

नेत्रिकेशी सर्वाधिक गोंधळ होतो. लोक आधाराला तिलाच धरतात, दुर्बीण सरकते आणि मागच्या सगळ्यांचा खोळंबा होतो. हात पाठीमागे बांधावेत. डोळा काचेला न चिकटवता एक-दोन सेंटिमीटर मागे ठेवून सावकाश पुढे न्यावा. चिकटवला तर पापण्यांचा तेलकटपणा आणि श्वासाची वाफ काचेवर बसते. काळेच दिसले तर डोळा भिंगाच्या नेमक्या मध्यासमोर नाही, डोके अगदी थोडे हलवावे. दुसरा डोळा घट्ट मिटण्यापेक्षा तळहाताने झाकावा, म्हणजे ताण येत नाही. नुसता लांबचा किंवा जवळचा चष्मा असेल तर काढून फोकस जुळवून घ्यावा, दृष्टिवैषम्य म्हणजे सिलिंडरचा नंबर असेल तर चष्मा ठेवावा. धूसर दिसत असेल तर तसे स्पष्ट सांगावे. “छान दिसले” म्हणून पुढे जाणाऱ्यांमुळे मागच्यांनाही धूसरच पाहावे लागते. आणि अर्धा मिनिट तरी थांबावे. हवा सतत थरथरत असते, मधूनच क्षणभर स्थिर होते आणि गुरूचे पट्टे किंवा शनीची कडी तेव्हा लख्ख दिसतात.

गुरू ४० पट मोठा करून पाहिला तर नुसत्या डोळ्यांनी चंद्र दिसतो साधारण तेवढा दिसतो. दुर्बिणीत अंतराचा अंदाज येत नसल्याने तो पहिल्यांदा पाहणाऱ्याला लहानच वाटतो. “अजून मोठे करा” म्हणून फायदा नसतो. उत्तम हवेतही दुर्बिणीच्या व्यासाच्या प्रत्येक मिलिमीटरमागे सुमारे दोन पट ही मर्यादा, बहुतेक रात्री त्याच्याही निम्म्यावर थांबावे लागते. शनीची कडी मार्च २०२५ मध्ये आपल्याकडे धारेने वळलेली होती, आता ती वर्षागणिक उघडत जातील. त्यामुळे जुना फोटो डोळ्यांसमोर ठेवून येणाऱ्याला ती बारीक वाटतील, हेही बातमीत सांगता येईल.

वेधशाळेच्या घुमटात पंखा, हीटर किंवा एसी का नाही, असे विचारले जाते. आतली आणि बाहेरची हवा समान तापमानाची नसली तर झरोक्यातून हवेचे प्रवाह उठतात आणि प्रतिमा उकळत्या पाण्यासारखी हलते. म्हणून झरोका तासभर आधीच उघडतात आणि आत एका वेळी मोजकीच माणसे घेतात. थंडीत उभे राहून सर्वांत आधी पाय गारठतात, जाड मोजे घालावेत.

सूर्य दाखवण्याचा कार्यक्रम असेल तर गाळणी दुर्बिणीच्या तोंडाशी, पुढच्या बाजूला घट्ट बसवलेली आहे ना, हे पाहूनच डोळा लावावा. नेत्रिकेला लावायची जुनी काळी काच उष्णतेने तडकते आणि डोळा जायला एक क्षण पुरतो. शोधक दुर्बिणीचेही (मोठ्या दुर्बिणीवर नेम धरायला बसवलेल्या छोट्या दुर्बिणीचे) झाकण लावलेले असावे.

आपणांस विनंती एवढीच की अशा प्रत्येक बातमीखाली चार ओळी द्याव्यात: चंद्राची तिथी आणि मावळण्याची वेळ, पुरता अंधार कधी होणार, त्या रात्री कोणते दोन-तीन पदार्थ दाखवणार, आणि आकाश ढगाळ असेल तर कार्यक्रम होणार की नाही हे किती वाजता व कुठे कळेल.

आपले,
आकाशदर्शनाच्या कार्यक्रमांत काम करणारे काही कार्यकर्ते