लायसन्स डिस्कमध्ये नसतं, हे दाखवून देणाऱ्या ताईंना

ताई,

सप्रेम नमस्कार.

नाव छापू नका असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं 'ताई'. लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात रोज येणाऱ्या-जाणाऱ्यांना तेवढं पुरेल.

आमच्या वाचनालयातल्या नऊ मशीनच्या जुन्या हार्ड डिस्क काढून तुम्ही एसएसडी (नव्या, वेगवान जातीच्या डिस्क) बसवल्यात, आणि एकही नवं लायसन्स विकत न घेता नऊच्या नऊ मशीनवर विंडोज रीतसर ॲक्टिव्हेट करून दिलंत. आभार तुम्हाला घरी येऊनही मानता आले असते. पत्र उघडं लिहितोय ते एवढ्यासाठी, की गिरगावापासून डोंबिवलीपर्यंत कितीतरी वाचनालयं, शाळा आणि शिकवण्या याच जागी फसतात. डिस्क गेली म्हणजे विंडोजही गेलं, असं त्यांना सांगितलं जातं. मग ते एकाच वस्तूचे दोनदा पैसे मोजतात, नाहीतर कुणाच्या तरी पेन ड्राइव्हवरचा क्रॅक (लायसन्सशिवाय विंडोज चालवणारा चोरटा प्रोग्राम) मारून घेतात. तुम्ही काय केलंत आणि का, ते त्यांच्यापर्यंत पोचावं.

पहिले आभार स्क्रू ड्रायव्हरला हात लावण्याआधीच्या तासाभराचे. जी मशीन अजून सुरू होत होती, त्या प्रत्येकावर तुम्ही 'एसएलएमजीआर स्लॅश डीएलआय' (slmgr /dli) ही विंडोजच्या लायसन्सची माहिती दाखवणारी कमांड चालवलीत आणि लायसन्सचा प्रकार कागदावर उतरवलात. सहा मशीनवर 'ओईएम-डीएम' आलं. म्हणजे कंपनीने विंडोज आधीच घालून दिलेलं, आणि त्याची २५ अक्षरांची की मदरबोर्डवरच्या फर्मवेअरमध्ये (चिपमधल्या कायमच्या सॉफ्टवेअरमध्ये) कोरलेली. २०१२ साली विंडोज ८ आलं तेव्हापासून ही पद्धत आहे. त्याआधी ती की मशीनच्या पाठीवरच्या स्टिकरवर असायची. दोन असेंबल केलेल्या मशीनवर 'रिटेल' आलं, म्हणजे सुटं विकत घेतलेलं लायसन्स. त्यांची ओळख मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर डिजिटल लायसन्स म्हणून नोंदलेली असते, आणि ही ओळख मुख्यतः मदरबोर्डवरून ठरते. डिस्क बदलली तर तिला धक्का लागत नाही. मदरबोर्ड बदलला तर मात्र लागतो. तेव्हा सी००४एफ२११ हा एरर येतो, आणि रिटेल लायसन्स आधीच मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडलेलं असेल तर ट्रबलशूटरमधून 'हार्डवेअर नुकतंच बदललं' हा पर्याय घेऊन ते नव्या बोर्डावर आणता येतं. म्हणूनच ती दोन्ही मशीन तुम्ही डिस्क काढायच्या आधी वाचनालयाच्या अकाउंटला जोडून घेतलीत. आज त्याची गरज नव्हती, पण पुढे कधी बोर्ड उडाला तर हीच नोंद कामी येईल.

नववं मशीन सगळ्यात बोलकं. ते एका ऑफिसने आम्हाला देणगी म्हणून दिलेलं, त्यावर 'व्हॉल्यूम' (संस्थेने घाऊक घेतलेलं लायसन्स) आणि एंटरप्राइज (मोठ्या संस्थांसाठीचं विंडोज). ते लायसन्स त्या ऑफिसच्या कराराचं होतं, आमचं नव्हतंच. अशी मशीन बहुतेकदा ऑफिसच्या नेटवर्कवरच्या सर्व्हरकडून ॲक्टिव्हेट होतात, आणि १८० दिवसांत पुन्हा त्या सर्व्हरशी गाठ पडली नाही की ॲक्टिव्हेशन संपतं. दुसऱ्या कुणीही नवी की घ्या म्हटलं असतं. तुम्ही पॉवरशेलमधून (विंडोजमधल्या कमांड लिहायच्या खिडकीतून) फर्मवेअर वाचलंत आणि आत प्रोची ओईएम की निघाली, मशीन नवं असताना आलेली. ऑफिसने तिच्यावर एंटरप्राइज चढवलं होतं इतकंच. कोरं प्रो टाकल्याबरोबर ते आपोआप ॲक्टिव्हेट झालं. देणगीत आलेली मशीन मुंबईतल्या संस्थांमध्ये भरपूर आहेत. त्यांनी हे एकदा तपासून बघावंच.

दुसरे आभार एडिशनबद्दलच्या काटेकोरपणाचे. आपल्याकडच्या पुष्कळ लॅपटॉपवर विंडोजची जी आवृत्ती येते तिचं नाव 'होम सिंगल लँग्वेज'. साधं होम वेगळं, हे वेगळं, प्रो तर आणखी वेगळं. की त्या-त्या एडिशनचीच असते. कुणी कौतुकाने प्रो टाकून दिलं, तर फर्मवेअरमधली सिंगल लँग्वेजची की त्याला चालत नाही, आणि प्रोवरून खाली उतरायला पुन्हा कोरं इन्स्टॉल करण्यावाचून गत्यंतर नसतं. 'माझं लायसन्स गेलं' म्हणून येणाऱ्या तक्रारींमागे बऱ्याचदा हेच असतं. तुम्ही मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर मूळ इन्स्टॉलर बनवलात. मूळ इन्स्टॉलर फर्मवेअर वाचून योग्य ती एडिशन स्वतःच उचलतो. रिटेल मशीनवर त्याने की विचारली तेव्हा 'माझ्याकडे प्रॉडक्ट की नाही' निवडलंत आणि आधी होती तीच एडिशन घेतलीत. इंटरनेट लागलं, ॲक्टिव्हेशन झालं.

ज्या मशीनना विंडोज ११ चालतं त्यांच्यावर ११ टाकायचा आग्रहही तुमचाच. १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि त्याच एडिशनचं १० चं डिजिटल लायसन्स ११ ला चालतं.

एक असेंबल केलेलं मशीन मात्र अडून बसलं. पडद्यावर एरर ८००७२एफ८एफ. लायसन्समध्ये खोट नव्हतीच. तारीख चुकली होती. बोर्डावरचा सीआर २०३२ सेल मेला होता, घड्याळ कितीतरी वर्षं मागे गेलं होतं, आणि चुकीच्या तारखेला सर्व्हरचं सर्टिफिकेट वैध ठरत नाही, त्यामुळे जोडणीच होत नाही. तीन व्होल्टचा एक सेल बदलला, तारीख लावली, काम झालं. हा एरर दिसल्यावर आधी उजव्या कोपऱ्यातलं घड्याळ बघायचं, हे वाक्य आता आमच्या भिंतीवर लावलंय.

डिस्कच्या बाबतीतल्या तुमच्या सवयी तर सगळ्यांनीच उचलाव्यात. प्रत्येक मशीन उघडून आधी जागा बघितलीत, मग खरेदी. एम डॉट टूची खाच (कांडीसारखी एसएसडी बसवायची जागा) दिसली म्हणून एनव्हीएमई ही वेगवान जातीची कांडी चालेलच असं नाही; काही बोर्डांवर त्याच खाचेत फक्त साटा या जुन्या जातीची कांडी चालते, काहींवर उलटं. ती बसते व्यवस्थित, पण बायॉसला (मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रामला) दिसत नाही, आणि दुकानात परत करताना वाद होतात. आणि २५६ जीबीची डिस्क विंडोजमध्ये २३८ दिसते ती मोजण्याच्या पद्धतीतल्या फरकामुळे, दुकानदाराने फसवलं म्हणून नाही, हेही तुम्ही आमच्या खजिनदारांना आकडे मांडून समजावलंत. त्यांच्या वतीने वेगळे आभार.

इन्स्टॉल करताना जुनी डिस्क केबलसकट काढून ठेवायची हा तुमचा नियम लाखमोलाचा. दोन्ही डिस्क जोडलेल्या असल्या की इन्स्टॉलर कधीकधी बूटचा छोटा भाग जुन्या डिस्कवरच ठेवतो. सगळं छान चालतं, आणि महिन्याभराने जुनी डिस्क काढली की मशीन उठतच नाही. दोन नव्या लॅपटॉपवर तर इन्स्टॉलरला डिस्कच दिसेना. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या पुष्कळ मशीनवर व्हीएमडी ही इंटेलची डिस्क सांभाळणारी व्यवस्था चालू असते, तिचा रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर ठेवून 'लोड ड्रायव्हर'मधून द्यावा लागतो. घाबरून एसएसडी खराब ठरवणारे आम्ही पाहिलेत. वायफायचा ड्रायव्हर नसल्याने सेटअप इंटरनेटपाशी थांबला, तिथे तुम्ही मोबाइल यूएसबी केबलने जोडून टेदरिंग चालू केलंत, म्हणजे मोबाइलचं इंटरनेट मशीनला दिलंत.

याच दोन लॅपटॉपवर डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद ठेवणारी सोय) चालू होतं. डिस्क बाहेर काढण्याआधी ४८ आकडी रिकव्हरी की तुम्ही कागदावर छापून घेतलीत. ती नसती तर जुनी डिस्क दुसऱ्या मशीनला लावून आतलं एक अक्षरही वाचता आलं नसतं.

आता खरं मनापासूनचं. आमची सभासदांची जुनी यादी आणि वीसेक वर्षांचे वार्षिक अहवाल श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये आहेत, आज सगळीकडे चालणाऱ्या युनिकोडमध्ये नाहीत. फाइल कॉपी केली आणि फॉन्ट मागे राहिला, तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा नुसता सडा दिसतो. तुम्ही डॉक्युमेंट्सच्याही आधी जुन्या डिस्कवरचं फॉन्ट्सचं फोल्डर उचललंत, नव्या विंडोजवर 'सर्व युजरसाठी इन्स्टॉल' केलंत आणि एकेक अहवाल उघडून, वाचून पाहिलात. ज्या दोन डिस्क मरायला टेकल्या होत्या, ज्यांच्या स्मार्ट अहवालात (डिस्क स्वतःच देते त्या तब्येतीच्या नोंदीत) पेंडिंग सेक्टर, म्हणजे नीट वाचता न येणारे भाग, वाढत होते, त्यांचा क्लोन (अख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रत) करायचा मोह टाळून आधी याच छोट्या फाइल वाचवल्यात. मरणाऱ्या डिस्कचा सगळा क्लोन काढत बसलं की ती वाचायच्याच ताणाने मध्येच बंद पडू शकते, आणि हवं ते शेवटी राहिलेलं असतं. इथे माणसाला मराठी वाचता येणं कामाला आलं, ताई. निव्वळ हार्डवेअर येणाऱ्याला ती फाइल बिघडलेली वाटली असती.

आणि क्रॅकबद्दल. कुणीतरी सुचवलंच होतं, पाच मिनिटांत होईल म्हणून. तुम्ही एवढंच विचारलंत, की ते चालवायला अँटिव्हायरस बंद करायला का सांगतात? ज्या मशीनवर सभासदांचे पत्ते आणि वर्गणीचा हिशेब आहे, तिथे हा एक प्रश्न पुरेसा होता.

नऊही मशीनवर तुम्ही चिठ्ठी चिकटवलीत: एडिशन, लायसन्सचा प्रकार, कोणत्या अकाउंटला जोडलंय, एसएसडी बसवल्याची तारीख. तशाच चिठ्ठ्या आता प्रिंटर आणि यूपीएसवरही लावल्यात. जुन्या डिस्क अँटिस्टॅटिक पिशव्यांत, सिलिका जेलच्या पुड्या घालून, लोखंडी कपाटात आहेत. पावसाळा संपला की एकदा लावून बघू आणि मग पुसून टाकू.

तुमच्या डबीतला एम डॉट टूचा एक बारीक स्क्रू इथेच राहिलाय. पाकिटात घालून ग्रंथपालांच्या खणात ठेवलाय. सोमवार सोडून कधीही या.

आपले,
वाचनालयाच्या संगणक कक्षातले कार्यकर्ते
गिरगाव, मुंबई