तापकीर गल्लीतल्या दादांचे आभार

परवा रात्री कॉम्प्युटर स्लीपमधून उठेचना. पंखा फिरतोय, स्क्रीन काळी. आत आईच्या आठवणींची अकरा पानं, सेव्ह न केलेली. ती सांगत होती, मी टाइप करत होते. पुण्यातल्या तापकीर गल्लीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानात फोन लावला. शटर ओढता ओढता दादा म्हणाले, "ताई, पॉवरचं बटण अजिबात दाबू नका. पानं रॅममध्ये आहेत, वीज तुटली की गेली." मग विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबायला सांगितलं, त्यानं ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे स्क्रीनवर चित्र आणणारा प्रोग्राम, नव्यानं सुरू होतो. बीप वाजला आणि पानं समोर! फाइल पेनड्राइव्हवर जाईपर्यंत त्यांनी फोन ठेवला नाही, बंद दुकानाबाहेर उभे राहिले. पैसे विचारले तर म्हणाले, "आधी आईंना सांगा, पानं मिळाली." दादा, आम्हा दोघींकडून मनापासून आभार.