अण्णांच्या बंडीतली किल्ली

प्रिय बाळ्या,

चार महिने पत्र नाही म्हणून शिव्या घालशील, घाल. पण हे फोनवर बोलता येत नाही, अण्णा घरातच असतात. तब्येती बऱ्या. माझी शुगर आहे तिथेच आहे.

पैज तू जिंकलास. वरळीच्या बीडीडी चाळी आपल्या हयातीत पडत नाहीत, असं मी छातीठोकपणे म्हणायचो. आता १६० फुटांतून ५०० फुटांत आलोय, एकोणिसाव्या मजल्यावर. संडासाची रांग नाही, त्यामुळे सकाळी कुणाशी भांडायचं हा प्रश्नच आहे.

खोली सोडताना लक्षात आलं, दाराला लावायला कुलूपच नाही. गावी गेलो तरी कोणीतरी आत असायचंच. अण्णांनी नाक्यावरून पितळी कुलूप आणलं, लावलं आणि किल्ली बंडीच्या खिशात टाकली. ती काही केल्या देईनात! ताबा द्या म्हणून माझ्यामागे फोनवर फोन, आणि हे रोज संध्याकाळी जाऊन रिकाम्या खोलीत उंबऱ्यावर बसून येतात.

विषय काढला की सुरू: १९२० साली बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजे आपलं बीडीडी, निघालं, कापसाच्या गाठीमागे १ रुपया कर लावला, ५०,००० खोल्या बांधायच्या होत्या, झाल्या १६,०००च्या आसपास. त्यातल्याही कितीतरी ओस. भाडं जड, गिरण्या लांब, कामगार येतो कशाला? मग १९३० साली सरकारने वरळीच्या चाळींत सत्याग्रही कोंडले. "तेव्हा लागली होती कुलपं," अण्णा म्हणतात, "त्यानंतर आत्ता."

यावर काय बोलणार, सांग.

तुला मंडळाच्या कॅरमच्या कपाटाची किल्ली आठवते? आपण बदलली होती ती? (आपण कसली, तू. मार मात्र मी खाल्ला. तो हिशोब अजून बाकी आहे.) परवा रात्री तोच डाव मी अण्णांवर केला. बंडीतली किल्ली काढली आणि हाताला लागावी म्हणून माझ्या जुन्या सायकलची टाकली. सकाळी ताबा देऊन सही करून आलो. हात थरथरत होता रे.

तुझ्या बदलीचं काय झालं? धाकटीची बारावी ना यंदा? वहिनींना नमस्कार.

तर संध्याकाळी अण्णा नेहमीच्या वेळेला गेले. अर्ध्या तासात परत. चप्पल काढली, हातपाय धुतले, अवाक्षर नाही. जेवताना भात कालवत, मान वर न करता म्हणाले, "सायकल कुठे ठेवलीयस?"

मी अजून उत्तर दिलेलं नाही. लवकर लिही.

तुझा,
दिन्या