कोयता निघण्याआधी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. फोनवर बोलायला घेतलं की तू बदल्यांवर घसरतोस आणि मी ऑनलाइन माहित्यांवर, म्हणून हे सगळं लिहूनच कळवतोय.

दसरा झाला. ऊसतोडीच्या मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, तर पावसाळ्यातच वाटून झाली होती आणि खर्चूनही. आता दिवाळीच्या आगेमागे माणसं ऊस तोडायला निघतील आणि आमच्या बीडकडच्या वस्त्या रिकाम्या होतील. यंदा इथली एक टोळी तुमच्या शिरोळ भागात येतेय आणि तिच्यात माझ्या शाळेतली पोरं आहेत. ती तुझ्या हवाली करायची आहेत.

पटावर ती इथंच राहतील. शासनाच्या लेखी एकही पोर शाळाबाह्य नाही. सहा महिने इथं नाव असतं, पोर नसतं. तुमच्याकडे पोर असतं, नाव नसतं.

त्यातला पाचवीतला पोरगा जरा बघ. गेल्या हंगामात आईबाप उसाच्या फडात असताना तो वाढे, म्हणजे चाऱ्याचे उसाचे हिरवे शेंडे, विकायला बसायचा. शंभर पेंढ्यांचा भाव सांग, सदतीस पेंढ्यांचे पैसे तोंडी सांगतो, वर घासाघीस करून पाच रुपये सोडतोही. तेच गणित वहीत मांडायला दिलं की पेन्सिल चावत बसतो. एप्रिलमध्ये परतला तेव्हा वर्ग अपूर्णांक उरकून पुढे गेला होता. पूर्वी असा पोरगा निदान वरच्या वर्गात ढकलला तरी जायचा. २०१९ साली केंद्राने कायदा बदलला, २०२३ मध्ये आपल्याकडे नियम आला आणि पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा पास व्हावं लागतं. नियम वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण परीक्षा एप्रिलमध्ये आणि पट्टा पडायचा, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपायचा, मार्चअखेर, कधी त्याहून उशिरा. अभ्यास कधी करायचा त्याने?

ऊसतोड्यांच्या पोरांसाठी हंगामापुरत्या भरणाऱ्या साखरशाळांना आपण डी.एड.ला असताना नावं ठेवायचो. पत्र्याची शेड, कसाबसा शिकलेला शिक्षक. सगळं खरं. पण त्या शाळा मजुरांच्या कोप्यांपासून, म्हणजे झोपड्यांपासून, हाकेच्या अंतरावर असायच्या. शिक्षण हक्क कायदा २०१० पासून लागू झाला आणि पोरांना नियमित शाळेतच घालायचं ठरलं. तत्त्व बिनचूक आहे. फक्त शाळा गावात आणि कोप्या रानात, मधे उसाच्या ट्रॅक्टरांनी भरलेला रस्ता. तिथून सात वर्षांचं पोर एकटं कोण पाठवेल?

माझ्या मते खरा उपाय इथल्या हंगामी वसतिगृहाचाच. पोर आजीपाशी झोपतं, शाळेत दोन वेळा जेवतं, वर्ग बुडत नाही. अनुदान उशिरा येतं आणि किराणावाल्याची उधारी शिक्षकाच्या नावावर चढते, ते जाऊ दे. अडतं ते मोठ्या पोरींपाशी. सातवीतल्या पोरीच्या बापाला म्हटलं, हिला ठेव. तो म्हणाला, "गुरुजी, जेवायचं शाळेत हाय, पर रात्री कुणाच्या भरवशावर? म्हातारीला दिसत न्हाई." बोलणं कसं खोडणार? आणि ती सोबत गेली की कोपीवर भाकऱ्या थापते, धाकट्याला सांभाळते. दोन वर्षांनी तिचं लग्न लावलं की नवा कोयता तयार. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि जोडीवरच उचल मिळते ना. आमच्याकडच्या बालविवाहांचं मूळ निम्मं तरी या हिशोबात आहे. लोक उगाच अडाणीपणाला दोष देतात.

तर तुझ्याकडून एवढं हवं. पोरांपाशी स्थलांतरित मुलांना मिळणारं शिक्षण हमी कार्ड असेल, त्यावर वर्गात बसव; दाखल्यासाठी अडवू नकोस, कायद्यानेही अडवता येत नाही. तुमचे मुख्याध्यापक कुरकुरतील, तुकडीत जागा नाही म्हणतील. त्यांना तू सांभाळ, तुला ते जमतं. कोप्यांवर जायचं तर संध्याकाळी जा. पहाटेच माणसं फडात गेलेली असतात, दिवसा फक्त पोरं आणि कुत्री भेटतील. त्या सातवीतल्या पोरीला मात्र आवर्जून विचार. ती स्वतःहून येणार नाही, धाकट्या भावाला कडेवर घेऊन लांब उभी राहील. भावासकट बसू दे वर्गात. थोडा गोंधळ घालेल तो, पण अंगणवाडी जवळ असली तर तिथल्या ताईंशी बोलून बघ.

बालभारतीची पुस्तकं मी गाठोड्यात बांधून देतोय. टोळी माघारी निघेल तेव्हा हजेरीचा कागद सही-शिक्क्यानिशी पोरांच्या बापांपाशी दे. मुकादमाकडे नको, तो उचलीच्या चोपडीत घालून विसरेल.

वहिनींना नमस्कार, अण्णांच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव.

तुझा,
वस्तीवरचा गुरुजी