शून्याचं स्टेटमेंट

प्रिय मित्रा,

काल रात्री क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट आलं. एकूण देय रक्कम ०. मिनिमम ड्यू, म्हणजे त्या महिन्यात निदान भरायलाच हवी ती रक्कम, ०. व्याज ०. एकाखाली एक तीन शून्यं. मी ती तीनदा वाचली आणि मग हिला उठवून दाखवली. तुला तेव्हाच फोन लावणार होतो, पण मला धड बोलता आलं नसतं. म्हणून सकाळी उठून लिहायला बसलो. घराबाहेर ही बातमी पहिली तुलाच, कारण त्या वहीतली पहिली बेरीज तुझ्या हातची आहे.

ती संध्याकाळ तुला आठवत असेल. मी तीन कार्डांची तीन स्टेटमेंटं तुझ्यासमोर ठेवली होती, घडीसुद्धा न उलगडता. तोवर तीन वर्षं मी ते आकडे वेगवेगळे बघत होतो. एकाचं बिल महिन्याच्या सुरुवातीला यायचं, दुसऱ्याचं मध्यावर, तिसऱ्याचं शेवटी, त्यामुळे एका दिवशी एकच आकडा समोर असायचा आणि तो कसाबसा सोसवायचा. तिन्ही मिळून किती होतात हे मी मुद्दाम कधी बघितलं नव्हतं. तू काही विचारलं नाहीस. माझ्या मुलाची जुनी वही ओढलीस, आकडे एकाखाली एक मांडलेस, आणि बेरीज करताना ओठातल्या ओठात म्हणालास, ‘हातचे दोन.’ खरं सांगतो, त्या दोन शब्दांनी माझ्या छातीवरचं काहीतरी हललं. माझ्या अख्ख्या झोपेचा घास घेणारी गोष्ट तुझ्या हातात आल्यावर चौथीतलं गणित झाली होती.

खाली आलेला आकडा माझ्या दहा महिन्यांच्या पगाराइतका होता. तू पेन खाली ठेवलंस आणि म्हणालास, ‘बरं. आता कळलं.’ यापलीकडे एक शब्द नाही. ‘इतकं होईपर्यंत काय करत होतास’ असं तू विचारलं असतंस, तर मी कागद गोळा करून उठलो असतो आणि आज हे पत्र लिहीत नसतो.

ते झालं कसं, हे मी तुला तेव्हा अर्धवटच सांगितलं होतं. आज सगळं सांगतो, कारण आता सांगताना लाज आड येत नाही. चैन केली नव्हती रे. बाबांचं आजारपण निघालं, दवाखान्यात आगाऊ रक्कम भरायची होती, ती कार्डावर भरली. औषधांच्या दुकानात एकदा मशीन बंद होतं, म्हणून कार्डावरून एटीएममधून कॅश काढली. कॅश काढली की त्याच क्षणी वेगळं शुल्क लागतं आणि व्याजही त्याच दिवसापासून चालू होतं, खरेदीला मिळते तशी बिनव्याजी मुदत त्याला नसते, हे मला कुठे ठाऊक होतं? त्या रात्री ठाऊक असतं तरी काढलीच असती म्हणा. बाबांसाठी केलेल्या खर्चाचा मला एक क्षणही पश्चात्ताप नाही. पश्चात्ताप आहे तो त्यानंतरच्या महिन्यांचा.

कारण त्यानंतर मी मिनिमम ड्यू भरू लागलो. बिलावर दोन आकडे असत, एक मोठा आणि एक लहान. लहान भरला की फोन येत नसे, लेट फी लागत नसे, आणि मला वाटायचं, या महिन्याचं भागलं. वर्षभर मी याच समजुतीत होतो. मग एका रात्री कागदावर हिशेब मांडला. समज देणं १०० आहे, व्याज महिन्याला ३ टक्के आणि मिनिमम ड्यू ५ टक्के. पहिल्या महिन्यात १०० चे १०३ झाले, त्यातले सव्वापाचच्या आसपास मी भरले, उरले ९८ च्या जरासे खाली. असं बारा महिने इमानदारीनं भरलं आणि एकही नवी खरेदी केली नाही, तर वर्षाअखेर आपल्या खिशातून ५५ गेलेले असतात आणि देणं फक्त २३ नं उतरलेलं असतं. बाकीचे ३२ व्याजात. देणं अर्ध्यावर यायलाच अडीच वर्षांच्या वर लागतात. आणि महिन्याला ३ टक्के म्हणजे वर्षाला ३६ असं आपण पटकन म्हणतो, पण व्याजावर व्याज चढत गेलं की ते साडेबेचाळीसच्या वर जातं. हे गणित मी चार वेळा केलं. मांडताना चुकलो असेन असं वाटत होतं.

त्याहून जास्त लागलं ते दुसरंच. मागची बाकी पूर्ण भरली नसेल, तर नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतसुद्धा जाते. मी घरातला किराणा त्याच कार्डावर आणत होतो, आणि समजत होतो की याचे पैसे पुढच्या महिन्यात दिले की झालं. मुलाच्या वह्यांवर व्याज, साबणावर व्याज, खरेदी केल्या दिवसापासून. हे मला कोणी सांगितलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. माहितीपत्रकात बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. मी ते कधी उघडलं नव्हतं.

मधल्या काळात झोप येत नसे तेव्हा याबद्दल मिळेल ते वाचत बसायचो. १९५० साली डायनर्स क्लबचं कार्ड निघालं, त्यात महिन्याचं बिल पूर्ण चुकतं करावं लागे. १९५८ साली कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरात एका बँकेनं सुमारे ६०,००० कार्डं लोकांना न मागता टपालानं पाठवली, आणि त्या कार्डांवर उरलेली बाकी पुढच्या महिन्यावर ढकलण्याची सोय होती. हे वाचून मी उठून बसलो. माझंही दुसरं कार्ड असंच, मी मागितलं नसताना ‘तुमच्यासाठी मंजूर झालंय’ असा फोन येऊन घरी आलं होतं. मला कार्डाचा राग नाही. अडीनडीला ते धावून आलं, नाकारणार नाही. पण ती पुढे ढकलायची सोय, तिथे माझा पाय अडकला. घरासाठी कर्ज घेतलं तर पहिल्याच दिवशी शेवटच्या हप्त्याची तारीख कळते. कार्डाच्या देण्याला शेवटची तारीखच नसते. दर महिन्याला ड्यू डेट असते, पण ती संपण्याची तारीख नव्हे. मला सगळ्यात जास्त त्यानंच पोखरलं. किती द्यायचंय यापेक्षा, हे कधी संपणार, ते कोणी सांगू शकत नव्हतं.

म्हणून तू सुचवलेली एक गोष्ट मी डोळे मिटून केली. सगळ्यात मोठ्या कार्डाची बाकी पर्सनल लोन काढून फेडली. व्याज कार्डाच्या निम्म्याहून कमी होतं, पण मला व्याजापेक्षा हप्त्यांचा तक्ता मोलाचा वाटला. छत्तीस ओळी, आणि छत्तिसाव्या ओळीपुढे एक महिना, एक वर्ष. तो कागद मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आणि दर महिन्याला एक ओळ खोडत गेलो. आणि ते कार्ड त्याच आठवड्यात बंद केलं, बाकी काही नाही असं लेखी पत्र हातात येईपर्यंत पिच्छा सोडला नाही. रिकामं झालेलं कार्ड खिशात राहिलं असतं तर काय झालं असतं, याची कल्पना मला चांगलीच आहे. लोनही डोक्यावर राहिलं असतं आणि कार्डही पुन्हा भरलं असतं.

एका बाबतीत मात्र तुझं ऐकलं नाही, ते आज कबूल करतो. तू म्हणाला होतास की उरलेल्या दोनांपैकी ज्याचं व्याज जास्त, ते आधी फेड. हिशेबानं तुझंच बरोबर होतं. मी आधी लहान रकमेचं फेडलं. पाच महिन्यांत ते संपलं. त्यात थोडं व्याज जास्त गेलं असेल, पण काहीतरी संपू शकतं हे मला डोळ्यांनी बघायचं होतं. त्या कार्डाचे कात्रीनं तुकडे करताना चिपपाशी कात्री अडली, दोनदा दाबावं लागलं. तो कट्ट आवाज अजून कानात आहे. तुला तेव्हा कळवलं नाही, कारण तू गणित काढून दाखवशील अशी धास्ती होती.

आता तुला एक जुनी बोच सांगतो. त्याच संध्याकाळी निघताना तू म्हणालास, ‘थोडे मी देतो, जमेल तसे दे.’ मी नाही म्हटलं, आणि तुझा चेहरा उतरलेला मी पाहिला. वहिनींनाही ते लागलं असणार. तुझ्यावर विश्वास नव्हता म्हणून नाही म्हटलं, असं नव्हतं. त्या दिवसांत मला ज्याचे ज्याचे देणे होते, त्याच्या नजरेला नजर देता येत नव्हती. तू त्या यादीत जायला नको होतास. एक माणूस तरी असा हवा होता, ज्याचं मी काही देणं लागत नाही.

घरी सांगणं सगळ्यात अवघड गेलं. हिला सांगितलं तेव्हा ही बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘म्हणजे तू रात्री गॅलरीत फोनवर बोलायचास ते हे होतं?’ तिला काय काय वाटत आलं होतं, ते तिच्या त्या एका वाक्यात कळलं. तीन वर्षं मी तिला काळजीपासून वाचवतोय असं समजत होतो, आणि ती बिचारी भलत्याच काळजीत दिवस काढत होती. दुसऱ्या दिवसापासून वहीत दोघांचं अक्षर आहे.

आणि ते फोन! दोन महिने हप्ता चुकला होता तेव्हाचे. जेवताना मी फोन टेबलावर पालथा ठेवायचो, पण तो थरथरायला लागला की टेबलावरचं भांडंही किणकिणायचं, आणि मुलगा माझ्याकडे बघायचा. ‘बाबा, फोन.’ मी म्हणायचो, कंपनीचा आहे, जाहिरातीचा. त्याला खोटं कळत होतं असं मला वाटतं. त्याच काळात तुझेही कितीतरी फोन मी उचलले नाहीत. नाव दिसत होतं, तरी उचलवत नव्हतं.

तर आता कालची गोष्ट. खरं म्हणजे दोन महिन्यांपूर्वीच मला वाटलं होतं की संपलं. लोनचा छत्तिसावा हप्ता गेला होता आणि तिसऱ्या कार्डाचं बिल आलं ते मी पूर्ण भरलं, एक पैसा न ठेवता. आम्ही दोघांनी त्या रात्री वही मिटून ठेवली. आणि पुढच्या महिन्यात बिल आलं, त्यात व्याजाची एक ओळ. रक्कम अगदी किरकोळ होती, पण माझे हात गार पडले. रात्रभर वाटत राहिलं, हे सुटणारच नाही. सकाळी फोन करून विचारलं तेव्हा कळलं. बिल तयार झाल्याच्या दिवसापासून मी पैसे भरले त्या दिवसापर्यंत जेवढे दिवस गेले, त्या दिवसांचं व्याज पुढच्या बिलात येतं, कारण बाकीवर व्याज रोजचं मोजलं जातं. चूक कोणाचीच नव्हती. ती ओळ भरली, आणि यावेळी वही उघडीच ठेवली. तुला तेव्हा कळवलं नाही ते याचसाठी. पक्कं झाल्याशिवाय तुला सांगायचं नव्हतं.

काल ते पक्कं झालं. मला वाटलं होतं, उडी मारावीशी वाटेल. तसं काही झालं नाही. ही म्हणाली, ‘झोप आता,’ आणि मी झोपलो. किती दिवसांनी सकाळपर्यंत एकदाही जाग आली नाही. उठलो तेव्हा जबडा दुखत नव्हता. रात्री दात आवळून झोपतो हे मला डॉक्टरांनी सांगितलं होतं, कारण मात्र मी त्यांना सांगितलं नव्हतं. अंघोळीला जाताना फोन वाजला, अनोळखी नंबर. मी उचलला. कोणीतरी चुकून लावला होता. त्या माणसाशी मी इतकं प्रेमानं बोललो की तोच गोंधळला.

तिसरं कार्ड मात्र बंद केलेलं नाही. ते सगळ्यात जुनं आहे, माझा परतफेडीचा इतिहास त्याच्यावर आहे, आणि कधीतरी मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज काढावं लागलं तर तो बघितला जाईल. लिमिट कमी करून घेतली आहे आणि बिल पूर्ण भरण्याची सूचना बँकेत देऊन ठेवली आहे. ते आता हिच्याकडे असतं. जी रक्कम दर महिन्याला तिकडे जायची, तीच त्याच तारखेला वेगळ्या खात्यात टाकायची असं आम्ही ठरवलं आहे. आईचं वय झालंय. पुन्हा कधी दवाखान्यात रात्री उभं राहायची वेळ आली, तर हात त्या खात्याकडे जावा.

वहीत अजून बरीच पानं कोरी आहेत. मुलगा म्हणत होता, त्याला चित्रं काढायला हवी आहे. दिली. फक्त पहिलं पान काढून ठेवलं, तुझ्या अक्षरातलं, त्या ‘हातचे दोन’चा बारीक आकडा वर कोपऱ्यात आहे ते.

वहिनींना माझा नमस्कार सांग, आणि हे पत्र त्यांना वाचायला दिलंस तरी चालेल. आता लपवण्यासारखं काही नाही. आणि फोन कर, कधीही, रात्री-अपरात्री सुद्धा. मी उचलतो.

तुझाच